शाळा सुटल्यानंतरचे विज्ञान



माध्यमिक शाळेतील मुलांची विज्ञान-गणितातील प्रगती वाढावी कशी, असा प्रश्न निघाला की जादा शिकवणी हे उत्तर ठरलेले असते. बेळगावात शाळा सुटल्यानंतर विज्ञान मंडळ चालविताना मला आलेला अनुभव निराळा आहे. तो सांगताना माझी एक चूकही सांगावी लागेल.

पहिल्या वर्षी मी मंडळात हुशार मुलेच घेतली. त्यांनी प्रदर्शनात बक्षिसे आणली. पण मंडळ नसते तरी या मुलांना गुण मिळालेच असते. ज्यांना गरज होती ती मुले खिडकीतून डोकावत होती. दुसऱ्या वर्षी दार सर्वांना उघडे केले, तेव्हा सहामाहीत गणितात नापास झालेला नववीतील एक मुलगा येऊन मागे उभा राहिला.

एके दिवशी पाण्याचा उत्कलनबिंदू मोजायचा होता. चार गट, चार स्पिरिटचे दिवे आणि कपाटातले चार तापमापक. (त्या कपाटाची किल्ली मिळविणे हा स्वतंत्र भाषणाचा विषय होईल. काच फुटेल या भीतीने कित्येक उपकरणे न वापरताच जुनी होतात.) तीन गटांच्या वह्यांत १०० अंश आले. चौथ्या वहीत या मुलाने ९७.५ लिहिले होते.

"पुस्तकात काय दिले आहे?" मी विचारले.

"शंभर. पण सर, पारा वर चढतच नाही."

तापमापक खराब असेल, असे म्हणून मी पुढे निघालो. तो हळूच म्हणाला, "मग चारही खराब आहेत का, सर?" तो प्रत्येक चंचुपात्रापाशी जाऊन पाहून आला होता! मी पाहिले, चारही ठिकाणी पारा ९७ आणि ९८ यांच्या मध्येच होता. बाकीच्यांनी डोळ्यांऐवजी पुस्तकावर विश्वास ठेवला होता, आणि तसे करण्याची सवय त्यांना माझ्याच तासाला लागली होती.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळते. साधारण ३०० मीटरमागे एक अंश उतरतो. दुसऱ्या दिवशी ७५० ला ३०० ने भागण्याचे काम मी त्याच मुलाला दिले. उत्तर अडीच आले, तेव्हा त्याने फळ्याकडे न पाहता आपल्या वहीकडे पाहिले.

नाताळच्या सुट्टीत आम्ही म्हापशाला नातलगांकडे जातो. तो तापमापक मी बरोबर नेला. मेहुणीने नेवऱ्यांची कढई उतरवून घटकाभर शेगडी मोकळी करून दिली. पारा शंभराच्या रेघेला जाऊन टेकला.

तेव्हापासून मंडळाचा एकच नियम आहे : नोंद शाईने करायची आणि खोडायची नाही. १९७२ साली मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा भरही मुलांनी स्वतः प्रयोग करून उत्तर शोधण्यावरच होता. शासनाने तो २००२ साली बंद केला, याची हळहळ वाटते.

गुणांचे काय, असे पालक विचारतात, आणि तो त्यांचा हक्कच आहे. पहिल्या चाचणीत गुण हलले नाहीत. उत्तरांत मात्र 'कारण' हा शब्द दिसू लागला. वार्षिक परीक्षेत तो मुलगा गणितात उत्तीर्ण झाला. मंडळामुळेच झाला, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्याच सुमारास संध्याकाळी दुकानावर बसण्यातून त्याच्या आईने त्याला सोडविले होते. मुलींची अडचण मला उशिरा कळली. शेवटच्या बसच्या धास्तीने त्या निम्म्यावर उठत. आता मंडळ शनिवारी, सकाळची शाळा सुटताच भरते. मुलींची संख्या वाढली आहे.

यंदा सहल महाबळेश्वरला जायची आहे. उंची सुमारे १,३५० मीटर. त्या मुलाने वहीत आधीच ९५.५ लिहून ठेवले आहे, अर्थात शाईने. आणि तेथे भात शिजायला किती वेळ जास्त लागेल, हे त्याला माझ्याकडून हवे आहे.