चाबुकस्वार निवडताना

नांदेडहून लातूरकडे निघालं की वाटेत लोहा तालुक्यातलं माळेगाव लागतं. तिथली खंडोबाची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. घोडा घेणारा माणूस तिथं दात बघतो, भोवरे बघतो, चाल बघतो. पण तो घोडा शिकवायला कुणाच्या हाती द्यायचा, हे मात्र चहा पिता पिता ठरवून टाकतो. आमच्या घरात तेच झालं.

माझ्या मावसभावाचा लातुरात वरातीच्या घोड्यांचा धंदा. काही वर्षांपूर्वी त्यानं माळेगावहून अडीच वर्षांची बछेरी आणली. लग्नसराई तोंडावर होती. एक चाबुकस्वार म्हणाला, ‘‘पंधरा दिवसांत नाचवून देतो.’’ भावानं बछेरी दिली. ती नाचत परत आली खरी; पण ओठांच्या कोपऱ्यांना जखमा होत्या आणि कुणी हात उचलला की तिचं अंग थरथरायचं. पहिल्याच वरातीत फटाका वाजला नि ती उधळली. नवरदेव बचावला, पण लगाम धरलेल्या पुतण्याचा हात मोडला. मग आम्ही त्या चाबुकस्वाराची चौकशी केली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच!

आमच्या मामूंनी उभा जन्म टांगा हाकला. ते भावाला म्हणाले, ‘‘बेटा, तू त्याचा नाचणारा घोडा पाहिलास. त्याच्या ठाणावरचे घोडे पाहायला हवे होतेस. तो आत आला की ते कान पुढे करतात, की मागे पाडून भिंतीकडे सरकतात? बस, एवढंच बघायचं.’’

या एका परीक्षेला मी आणखी तीन जोडतो. घोड्याला थेट मागचं आणि कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. म्हणून जाणता माणूस आवाज देत खांद्याच्या बाजूनं जातो. दुसरं, घोड्यानं ऐकलं की त्याच क्षणी लगाम सैल व्हायला हवा, कारण ती ढील हीच त्याची शाबासकी असते. तिसरं, पाठीची हाडं पक्की व्हायला पाच-साडेपाच वर्षं लागतात. कोवळ्या जनावरासाठी दिवसांचा वायदा करणाऱ्याला लांबूनच सलाम करावा.

ही काळजी आजची नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक लेखक झेनोफननं अश्वविद्येवर पुस्तक लिहिलं. मुलाला धंदा शिकायला उस्तादाकडे ठेवतो तसंच शिंगरू शिक्षकाकडे द्यावं आणि ते काय काय शिकून परत यायचं, हे आधी लिहून घ्यावं, असा त्याचा सल्ला आहे. जबरदस्तीनं करून घेतलेलं घोड्याला उमगत नाही, हेही त्यानं सांगितलं आहे.

पुढं आमच्या बछेरीला दुसरा चाबुकस्वार मिळाला. पहिला महिनाभर त्यानं खोगीर आणलंच नाही. रोज खरारा करायचा, तोबरा बांधायचा आणि बोलत बसायचा. तिला सावरायला वर्ष गेलं. आज ती वरातीत शांत चालते, पण डावीकडून कुणी एकदम हात उचलला तर अजूनही मान झटकते.

चाबुकस्वार या शब्दातच चाबूक आहे. पण चांगल्या चाबुकस्वाराचा चाबूक बहुधा खुंटीवरच असतो. घोडा घरी येऊन तक्रार करीत नाही. म्हणून त्याच्या वतीनं आपणच आधी जाऊन बघायचं, विचारायचं.