समारंभाची उभारणी : उद्योगाचा सोहळा आणि गावाची जबाबदारी

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील लासुर्णे हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या ऊसपट्ट्यात वसलेले आहे. जवळच भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आणि दुसरीकडे वालचंदनगरची उद्योगनगरी, अशा परिसरात समारंभांना तोटा नसतो. गळिताचा शुभारंभ, मोळीपूजन, वार्षिक सर्वसाधारण सभा, बी-बियाणे व खतांच्या कंपन्यांचे शेतकरी मेळावे, ट्रॅक्टर विक्रेत्यांची प्रात्यक्षिके, बँकांच्या शाखांची उद्‌घाटने हे सारे उद्योगव्यवसायाचेच सोहळे होत.

पूर्वी अशा कार्यक्रमासाठी मांडववाला, ध्वनिक्षेपकवाला, आचारी आणि छायाचित्रकार यांना निरनिराळी सुपारी दिली जाई. आज एकच व्यावसायिक संस्था आमंत्रणपत्रिकेपासून मांडव उतरेपर्यंतचे सर्व काम अंगावर घेते. यालाच इव्हेंट मॅनेजमेंट हे नाव रूढ झाले आहे. या कामात नेमके काय काय येते आणि त्यातील कोणता भाग पैसे मोजूनही दुसऱ्यावर सोपविता येत नाही, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पहिली पायरी हेतूची. मेळावा कशासाठी, हे ठरल्यावाचून त्याचा खर्चही ठरत नाही. नव्या वाणाची माहिती द्यावयाची असेल, तर पाच हजारांच्या सभेपेक्षा दोनशे शेतकऱ्यांची शिवारफेरी अधिक उपयोगी पडते. सभासदांना ताळेबंद समजावून सांगावयाचा असेल, तर रोषणाईपेक्षा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा स्पष्ट आवाज महत्त्वाचा. जाणकार संस्था यजमानाला प्रथम हेतू विचारते. रंगसंगतीची चौकशी ती मागाहून करते.

दुसरी पायरी काळाच्या उलट्या गणनेची. हिचे उत्तम उदाहरण बारामतीतच आहे. अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट व कृषी विज्ञान केंद्र यांच्या परिसरात जानेवारीत भरणाऱ्या ‘कृषिक’ प्रदर्शनाचे वैशिष्ट्य असे, की तेथे पिके चित्रांतून न दाखविता प्रत्यक्ष उभी असलेली दाखविली जातात. मांडव दोन दिवसांत उभा राहतो, मजूर वाढविले तर एका दिवसातही उभा राहील. परंतु उभे पीक कोणी पैसे देऊन आठ दिवसांत आणू शकत नाही. म्हणून प्रदर्शनाच्या दिवसापासून मागे मोजत प्रत्येक पिकाची पेरणी वा लागवड कोणत्या आठवड्यात करावयाची, हे आधी निश्चित करावे लागते. हाच नियम परवानग्यांना, छपाईला आणि पाहुण्यांच्या होकारालाही लागू पडतो. सर्वांत अधिक वेळ घेणारे काम सर्वांत आधी हाती घ्यावयाचे असते.

तिसरी पायरी जागेची. मैदान किती मोठे आहे, एवढे पाहून भागत नाही. लोक आत कोठून येतील आणि बाहेर कोठून जातील, हे पाहावे लागते. एका चौरस मीटरमध्ये चार-पाचपेक्षा अधिक माणसे उभी राहिली, की माणसाला मोकळेपणाने पाऊल टाकता येत नाही; हा आकडा सातच्या घरात गेला, की जमाव एखाद्या प्रवाहासारखा हेलकावू लागतो आणि आतला माणूस इच्छा असूनही थांबू शकत नाही. येण्याची व जाण्याची वाट वेगळी असावी, रुग्णवाहिकेची वाट कायम मोकळी राहावी आणि वाहनतळ मुख्य रस्त्यापासून आत असावा, या तीन गोष्टी नकाशावर आधी आखल्या गेल्या पाहिजेत.

चौथी पायरी वीज, ध्वनी, अन्न व पाणी यांची. जनित्र भाड्याने आणले म्हणजे काम संपत नाही. भूसंयोजन, गळतीप्रवाह रोखणारी कळ आणि पावसात न भिजणारी जोडणी यांची तपासणी परवानाधारक तारतंत्र्याने करावयाची असते. ध्वनी प्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला सामान्यतः बंदी आहे आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची आहे. जेवण रांधणाऱ्याकडे अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नोंदणी वा परवाना हवा. पाण्याचा हिशोब तर शाळेतील मुलानेही करावा इतका सोपा आहे. पाच हजार माणसे आणि माणशी दोन लिटर धरले, तर दहा हजार लिटर केवळ पिण्यासाठी लागते. हात धुण्याचे व स्वच्छतागृहांचे पाणी याशिवाय निराळे.

पाचवी पायरी प्रत्यक्ष कार्यक्रमाची. मिनिटवार तक्ता, सूत्रसंचालन, ध्वनी व प्रकाश सांभाळणारे हात आणि या सर्वांना आदेश देणारा एकच माणूस अशी ही रचना असते. शेवटची पायरी आवराआवरीची. खड्डे बुजविणे, कचरा वेगळा करणे, भाड्याचे सामान मोजून परत करणे आणि हिशोब मिटविणे, हेही कराराचाच भाग होय. मांडव उतरल्यावर शेतात राहिलेला प्लॅस्टिकचा चुरा जमीनमालकालाच वेचावा लागत असेल, तर तो समारंभ पुरा झाला असे म्हणता येणार नाही.

एवढी सर्व कामे संस्थेवर सोपविता येतात. जबाबदारी मात्र सोपविता येत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार प्रदान सोहळा उघड्या मैदानावर भर उन्हात पार पडला आणि उष्माघाताने १४ जणांना प्राण गमवावे लागले. जमलेले लोक श्रद्धेने आले होते व शिस्तीने बसले होते. गर्दी शिस्तबद्ध असली म्हणजे ती सुरक्षित असतेच असे नाही, हा या घटनेचा कठोर धडा आहे. व्यासपीठावरील सावलीइतकीच काळजी समोरच्या सावलीची घेतली गेली पाहिजे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दी व्यवस्थापनाविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. ती केवळ यात्रांसाठी नसून मोठ्या संमेलनांनाही उपयोगी आहे.

लासुर्णेकरांना मोठ्या समुदायाची व्यवस्था नवी नाही. संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा दरवर्षी याच रस्त्याने पंढरीकडे जातो. जवळच बेलवाडीला गोल रिंगण होते. १६८५ साली नारायण महाराजांनी सुरू केलेल्या या परंपरेत रथापुढील व रथामागील दिंड्यांना क्रमांक आहेत. चुकलेला वारकरी आपल्या दिंडीचा क्रमांक सांगतो आणि आपल्या माणसांत पोहोचतो. दिंडीचे सामान, पाणी व स्वयंपाक यांची व्यवस्था ती ती दिंडी पाहते. कोण कोणाचा, कोण कोणाला उत्तरदायी, हे प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळे एवढा समुदाय चालतो. उद्योगांच्या समारंभांनी घ्यावयाचा धडा हाच आहे. मोठा जमाव लहान गटांत वाटावा आणि प्रत्येक गटाला नाव असलेला जबाबदार माणूस असावा.

ग्रामपंचायतीच्या दृष्टीने याचा अर्थ व्यावहारिक आहे. गावच्या हद्दीत मेळावा भरणार असेल, तर ना-हरकत देण्यापूर्वी सदस्यांनी पाच गोष्टी लेखी मागाव्यात. किती माणसे अपेक्षित आहेत. सावली व पाणी किती आहे. बाहेर पडण्याच्या वाटा कोठे आहेत. वीज कोणी तपासली. आणि काही घडल्यास निर्णय घेणारा माणूस कोण व तो दिवसभर कोठे सापडेल. उत्तरे समाधानकारक नसतील, तर तारीख पुढे ढकलण्यास सांगणे यात कोणाचा अपमान नाही.

दुसरी गोष्ट रोजगाराची. गावातील मांडववाले, आचारी, वायरमन आणि बचतगटांच्या भगिनी यांनी एकत्र येऊन नोंदणी, परवाने व दरपत्रक यांची तयारी ठेवली, तर शहरातून येणाऱ्या संस्थेलाही त्यांच्याच दाराशी यावे लागेल. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून शाळेच्या स्नेहसंमेलनाचा नकाशा, पाण्याचा हिशोब आणि मिनिटवार तक्ता तयार करवून घ्यावा. गणित आणि नागरिकशास्त्र या दोहोंचा तो एकत्रित धडा ठरेल.

समारंभाचे यश टाळ्यांवरून मोजण्याची पद्धत आहे. आलेला प्रत्येक जण जेवून, पाणी पिऊन, सुखरूप घरी पोहोचला की नाही, हे मोजमाप त्याहून खरे. आणि त्याचा हिशोब संस्थेइतकाच यजमानाला व गावालाही द्यावा लागतो.