आकडा, स्प्रिंग आणि पिन



आम्हा आर्मररांच्या, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्यांच्या, या संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, आभार. नीरेकाठच्या निरवांगीच्या ग्रामस्थांनी आपली राहण्याजेवणाची सोय केली, त्यांचेही आभार. अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो छापील अहवालात आहे, घरी निवांत वाचा. मला आज एकच गोष्ट बोलायची आहे, आणि ती बोलायला इतकी वर्षं व्यासपीठ मिळालं नव्हतं.

रायफल बॅरलमुळे क्वचित दगा देते. ती दगा देते बोटाच्या पेरावर मावणाऱ्या भागांमुळे.

थ्री-नॉट-थ्रीच घ्या. बोल्टहेडमध्ये एक्स्ट्रॅक्टरचा आकडा असतो. बोल्ट मागे ओढला की तो काडतुसाची कड धरून रिकामी पुंगळी चेंबरमधून खेचतो. त्याला जोर देणारी चिमुकली पट्टीची स्प्रिंग असते. ती मोडली किंवा आकड्याची धार गेली, की बोल्ट मोकळाच मागे येतो आणि पुंगळी आत राहते. जवान घाईत बोल्ट पुन्हा पुढे ढकलतो, दुसरं काडतूस त्या पुंगळीवर आदळतं, आणि हातात उरते ती लाठी. दस्त्यात पुलथ्रू असतो, पण ती दोरी. दोरीने अडकलेली पुंगळी ढकलता येत नाही. बॉडीच्या डाव्या भिंतीत इजेक्टरचा बारका स्क्रू असतो. तो झिजला की बाहेर आलेली पुंगळी नीट उडेलच असं नाही, मॅगझिनवरच लोळत पडू शकते.

आणि तपासणीत काय बघतात? बॅरल उजेडाकडे धरतात, दस्त्याचं पॉलिश बघतात, बट नंबर रजिस्टरशी ताडतात. आकडा बोटाने दाबून बघणारा अधिकारी मला उभ्या नोकरीत विरळाच भेटला. साफसफाईच्या दिवशी बोल्ट ताडपत्रीवर एकत्र टाकले जातात आणि उचलताना एकाचा दुसऱ्याला लागतो. बोल्टवर नंबर कोरलाय तो कशासाठी? तो बोल्ट त्याच बॉडीत घासून बसलेला असतो.

एका ठिकाणी मी स्प्रिंगांसाठी मागणीपत्र पाठवलं. उत्तर आलं, शस्त्रं चालू स्थितीत असल्याने मागणी नामंजूर. म्हणजे मोडल्यावर मागा! स्प्रिंग शस्त्रागारात मोडत नाही साहेब, ती गोळी झाडताना मोडते, आणि तेव्हा समोर माणूस उभा असतो. मग आपण काय करतो? एक रायफल मारून दुसरी जगवतो. पाण्याच्या मोटारीचं वायंडिंग नवं केलं आणि फुटव्हॉल्व्हचं चामडं फाटकंच ठेवलं, तर उसाला पाणी चढेल का? इथल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही.

सकाळच्या परिसंवादात तरुण मित्र म्हणाले, जुन्या रायफली गेल्या की प्रश्न मिटला. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांच्या एके रायफलींसमोर आपल्या पोलिसांच्या हातात थ्री-नॉट-थ्री आणि लाठ्या होत्या. 58 माणसं तिथे मारली गेली. जुनं शस्त्र बदलायलाच हवं होतं, त्यात वाद नाही. पण नव्या रायफलीत स्प्रिंगा कमी नसतात, जास्त असतात. इन्सास रायफल आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेत आखली गेली. 1999 च्या कारगिलमध्ये तिच्याबद्दल गाजलेली तक्रार कोणती? थंडीत प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे गेले. एके चिखलमातीतही चालते म्हणतात, आणि चालतेही. पण तिच्या मॅगझिनचे ओठ वाकले किंवा आकड्याची स्प्रिंग बसली, तर तीही अडते.

दुसरा वाद झाला मिसफायरचा : दोष काडतुसाचा की रायफलीचा? हा वाद मी एका वार्षिक फायरिंगला संपवलेला आहे. एका रायफलीची काडतुसं फुटेनात. सगळे म्हणाले, लॉट जुना आहे, परत पाठवा. मी न फुटलेली काडतुसं उचलली आणि कॅपवरचा ठोका पाहिला. ठोका उथळ होता, नखाने जेमतेम लागावा इतका. तीच काडतुसं रेंज-अधिकाऱ्याच्या परवानगीने शेजारच्या रायफलीत घातली, आणि धडाधड वाजली. फायरिंग पिनला जोर देणारी मेनस्प्रिंग थकली होती. स्प्रिंग बदलली, रायफल शहाण्यासारखी चालली. आधी कॅप बघा, मग लॉटला नावं ठेवा.

जवळच वालचंदनगर आहे. इस्रोच्या अग्निबाणांची आवरणं तिथे घडतात. ज्या मुलखात एवढं बारीक माप सांभाळणारे हात आहेत, तिथे पोलिसाच्या रायफलीच्या स्प्रिंगसाठी महिनोन्महिने वाट बघावी लागते, हे मला सहन होत नाही.

काही कामं हाती घ्यायची आहेत. मराठीत सचित्र पुस्तिका काढायची, गेज वापरण्याचे वर्ग भरवायचे, गृहखात्याला निवेदन द्यायचं. तपशील कार्यकारिणी ठरवील.

पण एका गोष्टीला कार्यकारिणी नको. प्रत्येक रायफलीच्या नावे किती राउंड झाडले आणि कोणती स्प्रिंग कधी बदलली, याची नोंदवही उद्यापासून ठेवा. आणि आकडा, मेनस्प्रिंग, पिन तपासल्याशिवाय बंदोबस्ताला रायफल देऊ नका. वरून कितीही घाई झाली तरी न तपासलेल्या रायफलीसाठी तुमची सही करू नका.