तळपायाला विचारा



या जी, बसा. वर्धेच्या काठी, रुक्मिणीच्या माहेरी आपलं स्वागत. दमयंती, लोपामुद्रा, इंदुमती याही इथल्याच लेकी, असं आम्ही मानतो. तेव्हा पाहुणचारात उणं राहिलं तर बोल साऱ्या गावाला लागेल, सांभाळून घ्या.

आखलेली मोकळी जागा माणसाला कशी भासते, हा आपला विषय. विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून निरीक्षण केलं आणि १९८० साली लिहिलं, की बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. आमच्या पारावरची म्हातारी मंडळी यावर हसतील. पण व्हाइटसाहेबांनी ते मोजून दाखवलं, आम्ही कधी मोजलं नाही.

आमच्याकडे मात्र पहिला सवाल तळपायाचा. देवळाच्या आवारात माणूस अनवाणी असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की गुळगुळीत फरशीवरून भाविक चक्क पळतात. नकाशात तीच फरशी फार देखणी दिसते!

दुसरी गोष्ट रोडग्यांची. वऱ्हाडात नवस फेडायचा म्हणजे देवाच्या आवारात गोवऱ्या पेटवून रोडगे भाजायचे, वरण आणि वांग्याची भाजी रांधायची, झाडाखाली पंगत बसवायची. तिथे हिरवळ लावून तारेचं कुंपण घातलं, की नवसाचं कुटुंब फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला चूल मांडतं. सुशोभीकरण झालं, असं मग आपण म्हणतो.

तरी सगळं सावलीवर आणि सोयीवर भागत नाही. जवळच्या गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, हजारो माणसं मौन उभी राहतात. एरवी तिथूनच लोक गप्पा मारत जातात. इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. ती परंपरा १५९४ पासूनची सांगतात. पालखी निघते त्या दिवशी देवळासमोरची जागा लेक सासरी निघालेल्या घराच्या अंगणासारखी होते. यात आखणीचा वाटा किती, कथेचा किती आणि त्या वेळेचा किती, हे तुम्ही जाणकारांनी आम्हाला सांगावं.

दुपारचं सत्र जरा आवरतं घ्या आणि जोडे काढून आवारात एक फेरी मारा, एवढी विनंती. जेवणात रोडगेच आहेत. अध्यक्षांनी आता सूत्रं हाती घ्यावीत.