राशीची वही आणि पालखीचा कर्णा

(शताब्दी सोहळ्यात दिंडीच्या मंडपात केलेले भाषण)

या सोहळ्यात थोरामोठ्यांनी दिंडीचा महिमा सांगितला. आमच्याकडे सांगायला एक चूक आहे. ती आम्हा सात घरांची मिळून आहे, म्हणून सातही घरांच्या वतीनं सांगतो.

आम्ही कष्टाला मागे नाही, पण काम उद्यावर टाकण्यात सगळ्यांच्या पुढे. मोटार जळाली की ती आठ दिवस तशीच. सोसायटीचे कागद शेवटच्या तारखेला. बांधावरचं गवत बी धरेपर्यंत उभं. एका वर्षी गुढीपाडव्याला पारावर बसलो असताना कुणीतरी म्हणालं, "रोज राशीभविष्य वाचतोच, तर एकदा त्याप्रमाणं वागून बघू. निदान वळण तरी लागेल." सगळ्यांना पटलं. एक वही आणली. रोज सकाळी पारावर जमायचं, घरातल्या पोरानं मोबाईलवरून प्रत्येकाची रास वाचायची, त्यावरून प्रत्येकानं आजचं काम सांगायचं, ते वहीत लिहायचं, आणि संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर झालं की नाही ते विचारायचं.

खोटं कशाला बोलावं, पहिला महिना फार चांगला गेला. "आळस झटका" असं वाचलं की एकानं पाइपलाइन दुरुस्त केली. "जुनी येणी वसूल होतील" म्हटल्यावर दुसरा उधारी मागायला गेला आणि निम्मी घेऊन आला. आम्हाला वाटलं, ग्रह पावले.

दुसऱ्या महिन्यात मात्र आमची नजर बदलली. "प्रवास टाळा" दिसलं की तालुक्याचं काम टळलं. "आर्थिक व्यवहार पुढे ढकला" दिसलं की बँकेत जाणं राहिलं. पूर्वी आळस केला तर मनाला टोचायचं. आता ग्रहांची चिठ्ठी हातात होती, त्यामुळं टोचणंही थांबलं.

मग मृग निघाला, ७ जूनच्या आसपास निघतो तसा. पाऊस चांगला झाला, ओल खोल गेली, पाचव्या दिवशी वापसा आला. बी-खत घरात, तिफण तयार. त्या सकाळी आमच्यातल्या चार घरांच्या राशीला निघालं, "नव्या कामाचा आरंभ नको." जाणकार म्हणाले, चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो, तेवढं थांबा. चौघं थांबले. तिघांनी पेरलं. दुसऱ्या रात्री झड लागली ती हटेचना. रानात पाय ठेवता येईना. तेवढ्यात प्रस्थानाचा दिवस आला.

मायबाप हो, त्या वर्षीची वारी आम्ही कशी चाललो ते आमचं आम्हाला माहीत. हातात टाळ, मुखात नाम आणि मन पडीक रानात. मागं घरच्या बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी उघडीप बघून पेरणी केली. सोयाबीन मागास झालं, शेंगा भरायच्या वेळी पाऊस गेला. ज्यांनी वेळेवर पेरलं त्यांना एकरी आठ पोती झाली, आम्हाला चार. पेरणी बायकांनी केली आणि दोष आम्ही पावसाला दिला, हेही इथं कबूल करतो.

परत आल्यावर वाचणारं पोर हसत हसत म्हणालं, "आबा, एक सांगू? वारीआधीचा सगळा आठवडा मी राशी उलटसुलट करून वाचत होतो. मेषेची तुळेला, तुळेची मीनेला. तुम्ही सगळे म्हणत होता, अगदी बरोबर लिहिलंय!" आधी राग आला. मग वही काढून बघितली. खरंच, कुणालाच फरक कळला नव्हता. म्हणजे ज्या शब्दांसाठी वापसा घालवला, ते आमच्या राशीचेही नव्हते.

अशीच एक मोठी परीक्षा पुण्यात २००८ साली डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि बुद्धीची वाढ कमी राहिलेल्या शंभर मुलांच्या पत्रिका जमवल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका बघून, कोणती कुठल्या मुलाची त्याची उत्तरं दिली. शंभरातली सुमारे ४६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून सांगितलं तरी पन्नासच्या आसपास येतात.

आता कुणी म्हणेल, पंचांग टाकायचं का? नाही. एकादशी पंचांगावरूनच कळते, ज्येष्ठ वद्य अष्टमीचं प्रस्थान पंचांगावरूनच ठरतं. मृग, आर्द्रा ही नक्षत्रं आपल्या बापजाद्यांनी पावसाचा काळ मोजायला वापरली. पंचांग वेळ सांगतं. त्या वेळेला आपण उठायचं की नाही, हे आपल्यावर आहे.

पहाटे पालखीतळावर कर्णा होतो. पहिल्याला राहुट्या उतरायच्या, दुसऱ्याला तयार व्हायचं, तिसऱ्याला पालखी हलते. कर्ण्यानं कधी विचारलं का, तुझी रास कोणती, आज तुझा घातवार आहे का? घरी आठ वाजता उठणारा माणूस वारीत तीनला उठतो, तो काही ग्रह बदलले म्हणून नाही. सगळे उठतात, चोपदार वाट बघत नाही, आणि आपण मागं राहिलो तर दिंडीत आपली जागा रिकामी दिसते, म्हणून उठतो. अरणच्या सावता महाराजांनी मळ्यातल्या कामातच देव पाहिला. मग आपण रानातलं काम ग्रहांवर का सोडावं?

पहिल्या महिन्यात आम्हाला गुण आला तो राशीचा नव्हता. चारचौघांत काम बोललो आणि संध्याकाळी जाब दिला, त्याचा होता. म्हणून वही अजून चालू आहे. राशी वाचणं बंद झालं. सकाळी काकड्यानंतर प्रत्येकजण एकच काम सांगतो, हरिपाठानंतर हिशेब होतो. अजूनही कामं राहतात, पण राहिलं तर "माझ्यामुळं राहिलं" असं म्हणायचं, एवढा नेम केला आहे. गेल्या तीन वारींना सातही घरं पेरणी उरकून निघाली. या शंभराव्या वर्षी माउलीच्या पायी आम्ही एवढंच ठेवतो.

राम कृष्ण हरी!