वास जातो, पदार्थ कुठे जातो?
(स्नेहसंमेलनातील भाषण)



माझी सगळी नोकरी हवेच्या रसायनशास्त्रात गेली, तेव्हा दोन शब्द त्यावरच बोलतो. वेळ झाली की सर, घंटा वाजवा.

पेट्रोलपंपावर वास येतो आणि क्षणात जातो. त्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच राज्यातल्या उसाचं. उडालेलं इथेनॉल जातं कुठे? उन्हामुळे हवेत हायड्रॉक्सिल तयार होतं. एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन. आयुष्य सेकंदभरही नाही, पण समोर येईल त्याचा हायड्रोजन ओढून घेतं. इथेनॉल दोन-तीन दिवसांत त्याच्या तावडीत सापडतं आणि त्याचं ॲसिटाल्डिहाइड होतं. मोडलं म्हणजे संपलं असं आपल्याला वाटतं, पण हे मूळ इथेनॉलपेक्षा त्रासदायक, डोळ्यांना झोंबणारं. ब्राझीलमध्ये इथेनॉलवर गाड्या धावू लागल्या, तेव्हा साओ पावलोच्या हवेत हेच वाढलेलं दिसलं. पुढे ते मोडून फॉर्माल्डिहाइड, त्याचा काही तासांत कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याचा एक-दोन महिन्यांनी कार्बन डायऑक्साइड. (नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन मात्र हट्टी, आठवडेच्या आठवडे टिकतं.) या मोडतोडीत गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड सामील झाले की ओझोन तयार होतो, आणि जमिनीलगतचा ओझोन छातीला वाईट.

आता मनोरीचं. भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते. थंडीच्या महिन्यांत रात्री मतलई वारा मालाड-बोरिवलीची हवा खाडीवरून समुद्रावर नेतो. सकाळी तिच्यावर ऊन पडतं, मोडतोड सुरू होते, आणि दुपारी खारा वारा त्यातली काही हवा परत किनाऱ्यावर आणतो. म्हणजे समुद्रावरून आली म्हणून ती ताजी असेलच असं नाही. पावसाळ्यात ही अडचण नाही. तेव्हा वारा दूरच्या समुद्रावरून येतो.

ओझोन सहसा दुपारी जास्त असतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या मावश्या किनाऱ्यावर उन्हात बोंबील वाळवत असतात. म्हणून बॅचतर्फे शाळेच्या गच्चीवर ओझोन मोजणारं एक यंत्र बसवावं, असं माझं मागणं आहे. नोंदी नववीच्या मुलांनी घ्यायच्या, डिसेंबर ते फेब्रुवारी, दर तासाला. खर्चाचं जेवताना बोलू.