चार पौंडी पावाचा भाव



तुमचे निबंध ऐकायचे आहेत, म्हणून प्रास्ताविक आटोपतं घेते.

फ्रेंच राज्यक्रांती आपण शाळेत शिकलो ती बॅस्टिलपासून. मी आज बाजारभावापासून सुरुवात करते. पॅरिसमध्ये चार पौंडी पाव एरवी आठ-नऊ सूंना (सू हे तेव्हाचं फ्रेंच नाणं) मिळे. फेब्रुवारी १७८९ मध्ये तो साडेचौदा सूंवर गेला आणि बॅस्टिल पडेपर्यंत खाली उतरला नाही. साध्या मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू, बाईची त्याच्या निम्म्याच्या आसपास. वर सणासुदीच्या दिवशी काम बंद, म्हणजे मजुरीही बंद.

मग हिशेब बसे कसा? इतिहासकार ओल्वेन हफ्टन यांनी १९७१ साली क्रांतिकाळातल्या स्त्रियांवरच्या लेखात हाच धागा पकडला. हिशेब बसत नसे, बाई तो बसवत असे. सूत काततानाच मूल सांभाळायचं, लेस विणायची, लोकांची धुणी धुवायची, जुने कपडे विकायचे, अगदीच अडलं तर पोरांना भीक मागायला धाडायचं आणि मठाच्या दारात उभं राहायचं. हे सगळं मिळून घर चाले. यातलं एक जरी तुटलं तरी गरिबीतून थेट उपासमारीत.

क्रांतीच्या आगेमागे हे धागे एकेक करून तुटले. १७८६ च्या व्यापारी करारानंतर इंग्लंडचं स्वस्त सुती कापड आलं आणि कातणाऱ्यांच्या हातचं काम जाऊ लागलं. उमराव देश सोडून पळाले, साधा पोशाख ही देशभक्तीची खूण ठरली. ल पुईच्या लेस विणणाऱ्या बायका रिकाम्या बसल्या. नोव्हेंबर १७८९ मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राची झाली. तत्त्व म्हणून मला ते आजही पटतं. पण दानधर्म आटला, आणि सरकारने कबूल केलेली मदत पुढच्या युद्धाच्या खर्चाखाली दबून गेली.

गंमत बघा, १७९१ मध्ये सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीतल्या मळ्यांत गुलामांनी बंड केलं आणि पॅरिसमध्ये साखर महागली. फेब्रुवारी १७९३ मध्ये तर साबणाच्या भावाने धोबिणी हवालदिल होऊन कन्व्हेन्शन या राष्ट्रीय प्रतिनिधिगृहाकडे गाऱ्हाणं घेऊन गेल्या. सभागृहाने विषय पुढे ढकलला. दुसऱ्याच दिवशी बायका वाण्यांच्या दुकानांत शिरल्या. बऱ्याच ठिकाणी त्यांनी माल फुकट नेला नाही. आपल्याला रास्त वाटणारा भाव ठरवून तेवढे पैसे मोजले. लुटालूट म्हणून याची नोंद करणाऱ्यांनी हा तपशील जरा थांबून वाचायला हवा होता.

इथे हफ्टनबाईंशी माझा थोडा मतभेद आहे. त्यांच्या मांडणीत भूक फार मोठी होते आणि राजकारण तिच्या सावलीत जातं. ऑक्टोबर १७८९ मध्ये व्हर्सायवर चालून गेलेल्या बायकांसारख्याच बायका पुढे क्रांतीने बंद पाडलेली चर्चं उघडा म्हणू लागल्या, हे खरं. १७९५ च्या वसंतात, भावांवरचं नियंत्रण उठलेलं, आसिन्या या कागदी चलनाला किंमत उरलेली नाही, आणि पॅरिसमधलं पावाचं रेशन काही भागांत दोन औंसांपर्यंत उतरलेलं असताना, नवस बोलावासा वाटला तर नवल नाही. पण त्याच वसंतात, २० मे रोजी, बायका कन्व्हेन्शनमध्ये घुसल्या तेव्हा मागणी दुहेरी होती: पाव आणि १७९३ ची राज्यघटना. नुसती भूक राज्यघटना मागत नाही.

सरकारलाही हे बरोबर कळलं होतं. तीन दिवसांनी हुकूम निघाला: बायकांनी घरी जावं, पाचांहून अधिक जणी रस्त्यात एकत्र दिसल्या तर अटक. भीती नुसत्या भुकेची असती तर पाव वाढवून भागलं असतं.

हाच प्रश्न आपल्या जवळच्या इतिहासालाही विचारता येतो. या परिषदेत मुंबईच्या १९८२ च्या गिरणी संपावरचे निबंध आहेत. संपाचे नेते, मालक, सरकार यांवर पुष्कळ लिहून झालंय. निबंधकारांना मी एवढंच विचारेन, की त्या काळात गिरणगावातल्या घरांनी वाण्याकडे केलेली उधारी कोणी मागून आणली, आणि पुढे कोणत्या कामातून फेडली? पहिल्या निबंधवाचकांना आता मंचावर येण्याची विनंती करते.